डबल्सचं साटंलोटं

"जोडी हाय ना दोघींची? मग जोडीनंच देऊन टाकू की."

हे आत्याचं वाक्य. ती भिंतीपलीकडे माजघरात अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती आणि मी स्वयंपाकघरात पातोळ्यांच्या वाफेवर बॅडमिंटनचं फूल धरून उभी होते. घरात गौरी बसल्या होत्या. नैवेद्याच्या पातोळ्या होऊन गेल्या होत्या, आता घरच्या माणसांसाठी दुसरं भांडं चढवलं होतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय पक्ष्याची पिसं चुलीच्या आसपास आणायची नाहीत, असा आईचा नियम होता. नंतर मात्र तिची हरकत नसे. वाकडी झालेली पिसं वाफेवर धरली की सरळ होतात. महाडला नवी फुलं मिळत नसत, त्यामुळे आम्ही एकेक फूल अगदी मरेपर्यंत वापरायचो, आणि आमच्या फुलांना हळदीच्या पानांचा वास यायचा.

"म्हणजे काय?" अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? पोलादपूरवाल्यांची सुलू आपल्या वसंताला करायची, नि आपली बेबी त्यांच्या मनोहरला द्यायची. साटंलोटं. एका मांडवात दोन्ही उरकतील."

"आणि पोरींचं खेळणं? मुंबईवाले तर परदेशी न्यायचं म्हणतात."

"अरे, त्याच्यासाठीच तर सांगत्ये! उद्या त्यांनी बेबीला खेळू दिलं नाय, तर आपण सुलूला खेळू देणार नाय. आपण सुलूला अडवलं, तर ते बेबीला अडवणार. मग अडवणार कोण? कोणीच नाय. दोघी म्हाताऱ्या होईस्तोवर खेळतील."

अडकित्त्याचा आवाज थांबला. अण्णा विचार करत असावेत. बेबी म्हणजे मीच, त्यामुळे मीही करत होते, आणि मला त्या बोलण्यात कुठे फट सापडेना. इतर घरांत लग्न झालं की मुलीची रॅकेट माळ्यावर जाते हे आम्ही सगळे पाहत होतो. आत्याने मात्र बसल्या जागी, सुपारी कातरता कातरता, दोन सुनांना जन्मभर खेळायला मिळेल अशी व्यवस्था लावली होती. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"बेबीला विचारावं लागेल," अण्णा म्हणाले.

"तिला काय इचारायचं? इंग्लिश शाळेत धाडलीत, पण तोंड कुठं उघडतंय ते पोर! सुलूला इचारा. ती सांगेल हिच्या मनातलं."

तोवर माझं फूल वाफेत इतका वेळ राहिलं होतं की त्याची पिसं शिजलेल्या कोबीसारखी मऊ पडली. ते मी चुलीत टाकलं. आई आत आली, नाक मुरडून म्हणाली, "काय जळतंय?" आणि मी म्हणाले, "काही नाही." त्या वर्षभरात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द हाच असेल.

आमची भाताची गिरणी घराच्या मागे, नदीच्या बाजूला होती. इंजिन सुरू झालं की भिंतीवरचे देवांचे फोटो बारीक थरथरत आणि गप्पा मारणारी माणसं नकळत आवाज चढवत. गिरणी बंद झाल्यावरही आमच्या घरातली माणसं ओरडूनच बोलत, कारण सवय झाली होती. मी तेवढी हळू बोलायची. पाचगणीच्या शाळेत आम्हाला हळू बोलायला शिकवलं होतं आणि घरी कोणाला ते ऐकू येत नसे, त्यामुळे हळूहळू मी बोलणंच सोडून दिलं. गिरणीला लागून गोदाम होतं. उन्हाळ्याअखेर त्यातलं भात संपायचं, पावसात सावित्रीचं पाणी एकदा तरी आत शिरायचं, आणि पूर ओसरला की गडीमाणसं तो सगळा चिखल काढून जमीन चोपून सारवून घ्यायची. तिथून दसऱ्यानंतर नवं भात येईपर्यंत गोदाम रिकामं असे. ते आमचं कोर्ट. चुन्याच्या पाण्याने रेषा ओढलेल्या, नेट म्हणून दासगावच्या कोळ्याकडून आणलेलं मासे धरायचं जाळं, आणि वर काचेच्या कौलांतून येणारा उजेड. त्या जाळ्याचा वास कितीही धुतलं तरी गेला नाही. रॅकेटच्या तारा पावसाळी हवेत सैल पडत म्हणून रॅकेटी चुलीवरच्या फळीवर, सुकटीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या असत. मुंबईच्या जिमखान्यात पहिल्यांदा मी रॅकेटचं कव्हर काढलं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीने आपली पिशवी उचलून दुसरीकडे नेली.

गोदामाची तुळई फार खाली होती. उंच मारलेलं फूल तिला आपटून खाली यायचं, आणि दादाने, म्हणजे माझा भाऊ वसंत याने, नियम केला होता की तुळईला लागलं की पॉइंट गेला. दादा स्वतः खेळत नसे. तो पोत्यावर बसून गुण मोजायचा. त्या तुळईमुळे आम्ही दोघी उंच मारायलाच शिकलो नाही. फूल जाळ्याच्या जेमतेम वरून, सरळ, जोरात मारायचं, एवढंच आम्हाला येत होतं. पुढे मुंबईत लोक म्हणायला लागले की या कोकणातल्या मुलींची डबल्सची पद्धत फार आधुनिक आहे, कुठल्या परदेशी कोचकडून शिकल्या? मला सांगावंसं वाटे की आमची तुळई खाली आहे. पण सुलूने माझ्या आधीच सांगून टाकलं होतं, "आम्ही स्वतःच बसवली ही पद्धत." आजही कोणी वर्तमानपत्रवाला घरी आला की ती 'पद्धत' विचारतो. मी त्याला तुळईच सांगते. तो हसतो आणि लिहीत नाही.

सुलूबद्दल लिहायचं तर मला अजून पेन जोरात दाबलं जातं. ती माझी शाळेतली मैत्रीण, पोलादपूरच्या तात्यासाहेबांची मुलगी. उमरठच्या बाजूला त्यांची बरीच शेती. आत्याचं सासरही उमरठचं, त्यामुळे दोन्ही घरांची जुनी ओळख. सुट्टी संपली की मी महाडला एसटीत बसायची आणि खिडकीजवळची जागा धरायची. पोलादपूरला सुलू चढली की ती खिडकी तिची व्हायची. "सरक गं, बेबी, तुला वारा सोसत नाही," ती म्हणायची. मला वारा चांगला सोसत असे. आंबेनळी घाटात उलटी तिला व्हायची, आणि वळणावळणांवर तिचं डोकं मी धरून बसायची. ती वाईट नव्हती, हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती घरून आणलेले लाडू सगळ्या वसतिगृहात वाटायची. मला ताप आला तेव्हा रात्रभर माझ्या उशाशी बसली, आणि सकाळी डॉक्टरांनी मला "कसं वाटतंय?" विचारलं तेव्हा म्हणाली, "आम्हाला आता बरं वाटतंय."

कोर्टावरही हेच. डबल्समध्ये कोर्ट दोघींचं असतं, पण सुलूला ते कळलं होतं असं मला कधी वाटलं नाही. माझ्याकडे येणारं फूल मी हेरावं, पाय टाकावा, रॅकेट मागे न्यावी, की कानाशी "लीव्ह!" अशी आरोळी यायची, आणि मागून सुलू माझ्या कोपराला धडकत येऊन ते फूल मारायची. लागलं तर टाळ्या तिला. नाही लागलं तर ती माझ्याकडे बघून समजुतीने मान हलवायची, जणू चूक माझी होती पण ती मनावर घेणार नाही. लोकांना वाटायचं, केवढी ही मुलगी धावते, आणि दुसरी कशी खांबासारखी उभी. माझ्या दंडावर तिच्या रॅकेटच्या कडेचे वळ असायचे. आई तेल लावताना म्हणायची, "खेळच धसमुसळा तुमचा." नुसता खेळ नाही गं आई, असं म्हणायला मी तोंड उघडायची तोवर ती दुसऱ्या हाताकडे वळलेली असायची.

त्या वर्षी मुंबईच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो आणि जिंकलोही. शेवटचं फूल माझ्या डाव्या हाताला, अगदी माझंच होतं. "लीव्ह!" सुलू ओरडली आणि मी सवयीने रॅकेट खाली घेतली. तिने ते जाळ्यावर मारलं, ते जाळ्याच्या कडेवर डगमगलं आणि नशिबाने पलीकडे पडलं. सामन्यानंतर असोसिएशनचे सेक्रेटरी, पांढरेशुभ्र बूट घालणारे एक वयस्क गृहस्थ, आमच्या बाकापाशी आले. बायकांचा संघ परदेशी जायचा होता आणि त्याआधी मुंबईत शिबिर होतं. "संघात फार मुली नेता येत नाहीत," ते इंग्रजीत म्हणाले. "म्हणून कोणालाही कोणाहीबरोबर उभं करता यायला हवं. शिबिरात मी जोड्या बदलून बघणार. तुमची तयारी आहे?" ते माझ्याकडे बघून बोलत होते. मला आठवतं, कारण मोठी माणसं माझ्याकडे बघून बोलत असं क्वचितच घडे.

"नाही," सुलू म्हणाली. "आम्ही दोघी एकत्रच खेळणार. नाहीतर कोणीच नाही."

ते अजूनही माझ्याकडेच बघत होते. मी बुटांची नाडी सोडत होते. "मग बहुधा कोणीच नाही," ते शांतपणे म्हणाले. "घरी विचार करा. दसऱ्यानंतर मी यादी पक्की करणार आहे. तोवर तार आली तर ठीक."

सुलूचं हे बोलणं आमच्या दोन्ही घरांत पोचलं ते एखाद्या पराक्रमासारखं. पोलादपूरला तात्यासाहेबांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. महाडला आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "सख्ख्या बहिणी असं करत नाहीत," ती म्हणाली. माझी निवड धोक्यात घालून सुलूने दोन तालुक्यांत नाव कमावलं होतं आणि त्याबद्दल लोक माझंही अभिनंदन करत होते. तुडीलहून आमचा कूळकरी भाजी घेऊन आला, तोसुद्धा हात जोडून म्हणाला, "ताय, अशी मैतरीन नशिबानं मिलते." मी मान हलवली. मान हलवण्याचे लोक वाटेल ते अर्थ काढतात.

आणि त्या मायेवरूनच आत्याला साटंलोटं सुचलं. ज्यांना खेळात वेगळं राहवत नाही, त्यांना संसारात तरी का वेगळं ठेवायचं? एकदा तिच्या तोंडून ते निघालं आणि अण्णांनी नाही म्हटलं नाही, की घरात सगळ्या गोष्टी आपोआप त्या बाजूला सरकायला लागल्या. आईने माझ्या साड्यांची पेटी उघडली. एके दिवशी ती भाकरी थापत होती. तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापताना ती कधी मान वर करत नसे. "तुला काय वाटतं गं, बेबी?" तिने विचारलं. मी हातातली परात खाली ठेवली, कारण मला खरोखरच सांगायचं होतं. "वाटायचं काय त्यात म्हणा," ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "ओळखीचं घर. मनोहर शहाणा मुलगा. आणि सुलू असेलच." भाकरी फुगली. तिने ती निखाऱ्यावर उभी केली आणि विषय संपला.

मग मनोहर मला बघायला आला. सुलूचा हा मोठा भाऊ मुंबईत एका कापड गिरणीच्या ऑफिसात होता, परळला खोली करून राहत होता, आणि त्याला सगळंच 'फर्स्टक्लास' वाटे. रस्ता फर्स्टक्लास, आमचं गोदाम फर्स्टक्लास, आत्याचे पोहे फर्स्टक्लास. तो ओटीवर खुर्चीत बसला. मी समोर सतरंजीवर, आणि माझ्या शेजारी, माझ्या पदराची घडी नीट करत, सुलू. मुलीच्या बाजूने एखादी वडीलधारी बाई बसते तशी ती बसली होती, खरं तर मुलाची बहीण असून.

"तुम्ही चहा घेता ना?" त्याने मला विचारलं.

"घेते रे, पण बिनसाखरेचा," सुलू म्हणाली.

मी चांगला गोड चहा घेते. अजूनही घेते, डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून.

"मुंबईत करमेल ना? खोली छोटी आहे, पण शेजारपाजार बहोत अच्छा."

"तिला कुठेही करमतं. आणि मी येऊन-जाऊन असेनच की. आमचा सराव काय बंद पडणारे?"

"फर्स्टक्लास," मनोहर म्हणाला. मग तो जरा पुढे वाकला आणि त्याचा आवाज बदलला. माणूस सरळ होता. "तुम्हाला मला काही विचारायचंय का? डोन्ट वरी, काहीही विचारा."

मला विचारायचं होतं. मला विचारायचं होतं की हा अदलाबदलीचा व्यवहार नसता तर तुम्ही इथे आला असता का, आणि मी शिबिराला एकटी गेले तर तुमचं काय म्हणणं. वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं, त्याचं मराठी करायला मला श्वासभर वेळ हवा होता.

"तिला काय विचारायचं असणार?" सुलू हसली. "तुझ्याबद्दल मी सगळं सांगितलंय तिला. चांगलं तेवढंच सांगितलं, घाबरू नकोस!"

"फर्स्टक्लास!" मनोहर हसला, ओटीवर सगळे हसले, आणि दाराआडून आत्या म्हणाली, "बघा, मेड फार ईच आदर." हे इंग्रजी तिने कोणाकडून उचललं होतं कोण जाणे. मी उठून कपबश्या गोळा केल्या. माझा कप तसाच भरलेला होता, बिनसाखरेचा.

एक माणूस उरला होता, दादा. त्याला मी सांगेन असं मी ठरवलं. दसरा दोन-चार दिवसांवर आला होता, शेतांत भात पिवळं पडलं होतं आणि गोदामातलं कोर्ट मोडायची वेळ झाली होती. दादा खांबावरून जाळं सोडवत होता आणि शीळ घालत होता. दादा शीळ घालत नसे.

"दादा, मला सुलूबद्दल बोलायचंय."

त्याचे कान लाल झाले. मग तो जाळं तसंच हातात धरून पोत्यावर बसला आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच सगळं सांगून टाकलं. सुलू त्याला केव्हापासून आवडत होती, गुण मोजताना त्याचं लक्ष कुठे असे, गेल्या साली त्याने एका माणसाकरवी तात्यासाहेबांच्या कानावर घातलं होतं आणि तात्यासाहेबांनी "गिरणीत भात कांडणाऱ्याला माझी मुलगी?" असं म्हणून विषय तिथेच मिटवला होता. सुलूला हे माहीत होतं. ती रडली होती. सुलू रडते हे मला नवीन होतं. "आता मनोहरला शिकलेली बायको मिळते म्हणून म्हातारा राजी झालाय," दादा म्हणाला. "तुझ्यामुळे जमतंय बघ, बेबी. नाहीतर जन्मात जमलं नसतं."

"पण दादा, मला तिच्याबरोबर..."

"कळतं गं मला. तुलाही ती सोडवत नाही."

मी जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी त्याची घडी घातली. माझ्या आयुष्यात मी इतकी वैतागले नव्हते, आणि ज्याच्यावर वैतागावं असा एकही माणूस मला त्या घरात सापडत नव्हता. सगळे माझं भलं करत होते. भलं करणाऱ्यांच्या गर्दीत मला हात हलवायला जागा नव्हती. मी नाही म्हटलं तर माझ्या एकटीचं लग्न मोडणार नव्हतं. साट्यालोट्यात एक दोरा ओढला की दुसराही उसवतो. आणि मी हो म्हटलं तर सुलू माझी वहिनी, माझी नणंद आणि माझी जोडीदार, तिन्ही एकदम होणार होती. जेवायच्या पाटापासून कोर्टाच्या रेषेपर्यंत "लीव्ह!" ऐकत मी म्हातारी झाले असते.

दसऱ्याला आम्ही सगळे पोलादपूरला गेलो. तात्यासाहेबांच्या ओटीवर बैठक घातली होती. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं, पुरणपोळ्यांचं जेवण झालं. सुलूच्या घरच्या पोळ्या इतक्या मऊ होत्या की आई पुन्हापुन्हा त्यांचीच चौकशी करत होती. मग तबकात हळदकुंकू, नारळ आणि सुपारी आली. आमच्याकडे सुपारी फुटली की शब्द पक्का. त्यानंतर माघार घेणाऱ्याला वर्षानुवर्षं गावात तोंड दाखवता येत नाही. बायका आम्ही माजघराच्या उंबऱ्यापाशी बसलो होतो. सुलू जरीची साडी नेसली होती आणि तिने माझा हात आपल्या हातात घट्ट धरला होता. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे न बघता दादाकडे बघत होती.

"आणि तारेचं काय ते?" तात्यासाहेबांनी विचारलं. तात्यासाहेब उंच, पिळदार मिशांचे, एका कानाने कमी ऐकणारे.

"उद्याच करतो," अण्णा म्हणाले. "लिहितो की, मुली येतील तर जोडीने, नाहीतर नाही. त्यांना गरज असेल तर नेतील."

"शाब्बास. आपल्या पोरी काय वाटेवर पडल्यात?" तात्यासाहेबांनी सुपारी आणि अडकित्ता उचलला. मग, बहुधा रीत म्हणूनच, त्यांनी मान वळवून विचारलं, "दोघी मुलींना विचारलंत ना रे?"

"इचारलं, इचारलं," आत्या म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. आईने चमकून माझ्याकडे बघितलं. तात्यासाहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणते ती?"

"काही नाही, तात्या," सुलू घाईने म्हणाली. "बेबीचं हो आहे. लाजतेय ती. माझंही हो आहे. फोडा तुम्ही."

तात्यासाहेबांनी सुपारी अडकित्त्यात धरली. मी सुलूच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. बोटं दुखत होती, इतका तिने तो आवळला होता. मी उभी राहिले. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत मुलगी उभी राहिली म्हणून आधी सगळ्यांना वाटलं की मी पाणी आणायला उठले. मनोहरने तर आपला रिकामा तांब्या पुढे केला. मला वाक्यं इंग्रजीत सुचत नव्हती आणि मराठीतही सुचत नव्हती. मी गिरणीच्या इंजिनावर आमच्या घरची माणसं बोलतात तशी, तेवढ्या मोठ्याने, बोलले.

"सुलू, तू गप्प बस जरा. तात्यासाहेब, दादाला आणि सुलूला एकमेकांशीच लग्न करायचंय, ते लावून द्या. दादा चांगला आहे, त्याला माझ्या बदल्यात विकत घेऊ नका. मनोहरराव, तुमच्यात काही खोट नाही, पण मला आत्ता कोणाशीच लग्न करायचं नाही. आणि अण्णा, तार माझी वेगळी करा. लिहा की मी एकटी येते, आणि ते ज्या मुलीबरोबर उभी करतील तिच्याबरोबर खेळेन. सुलू सोडून."